बारांझाचा डावा हात

...पिस्तूल मुठीत बसतच नव्हतं. वालाच्या दाण्याएवढं, काळ्या प्लास्टिकचं. किनुएनं ते आधी मुठीकडून घालून पाहिलं, मग नळीकडून, मग थोडं तिरकं करून — आणि मग तिच्या लक्षात आलं की ह्या हाताला भोकच नाहीये. मूठ गच्च बंद आहे, साच्यातूनच बंद आलेली. भोक दुसऱ्या हाताला आहे. उजव्या. आणि पिस्तूल अडकवायचं म्यान? तेही उजव्या कमरेला. खेळण्यांच्या कंपनीनं नमुना म्हणून सकाळीच पाठवलेला तो वीतभर उंचीचा बारांझा, टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतला यंत्रमानव — रुंद काठांची टोपी, गळ्यात लाल रुमाल, टाचेला काटेरी चक्र — टेबलावर उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा डावा हात कशालाही उपयोगाचा नव्हता.

"अगं बाई!" ती मोठ्यानंच म्हणाली.

शेजारच्या टेबलावरून कुणी मान वर केली नाही. मंगळवारी सकाळी ह्या खोलीत कुणी मान वर करत नाही. आठ माणसं, आठ टेबलं, टेबलांना वरून काच आणि काचेखाली दिवा, आणि कागदावर कागद ठेवून जो तो आपला उजेडात वाकलेला. किनुए आरिमुरा सगळ्यांत डावीकडे, भिंतीला लागून. तिनं समोर टाचलेल्या तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यावर बारांझा पुढून, मागून, बाजूनं. म्यान उजवीकडे. आठ महिने तो तक्ता तिच्या नाकासमोर होता. आठ महिने ते म्यान तिनं शेकडो वेळा उजवीकडेच काढलं होतं — पण ती दुसऱ्यांच्या चित्रांमधली चित्रं होती. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र कुणीतरी मोठा माणूस काढणार आणि मधला खड्डा किनुए भरणार, तीन वर्षं हेच. एकतिसाव्या भागात पहिल्यांदा तिला अख्खा शॉट मिळाला होता, तिचा एकटीचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाच सेकंद... आणि पाच सेकंदांत तिनं बारांझाला डावखुरा करून ठेवलं होतं.

मिळालाही कसला शॉट! भागाचा जीवच तो. माळरानातलं गाव, दुपार, रस्त्याच्या त्या टोकाला शत्रूचा यंत्रमानव मुंगीएवढा, आणि अलीकडे, कॅमेऱ्याला चिकटून, बारांझाची कंबर — मागून. नुसती कंबर, म्यान आणि लोंबता हात. हात थांबतो, आणि मग पिस्तूल उपसतो. बस. "चेहरा नाही, म्हणून तुला देतोय," दिग्दर्शक कुवाहाता-सान म्हणाले होते. "पण चेहऱ्याचं काम हातानं करायचंय. कळलं?" कळलं, असं ती म्हणाली होती, आणि घरी जाताना वाटेत कोबीच्या शेताच्या कडेला उभी राहून एकटीच हसली होती.

कोबीचं शेत... आमचं सगळं माळरान तिथलंच. गोष्ट अमेरिकेतली, पण अमेरिका बघितलेला माणूस ह्या कचेरीत एकही नाही. पार्श्वभूमी रंगवणारे गृहस्थ हाकोनेच्या पलीकडे गेलेले नाहीत. ते खिडकीतून नेरिमाची शेतं बघतात, कोबी वगळतात, लाल माती घालतात, आणि झालं वाळवंट. दारूच्या गुत्त्यात काय खात असतील ह्यावर एकदा दीड तास वाद झाला आणि शेवटी वाडग्यातून वाफ दाखवून सगळ्यांनी विषय मिटवला — पोरांनी आपलं समजून घ्यावं, उदोनच्या शेवया म्हणा की काय म्हणायचं ते. असा हा आमचा बारांझा. अठरा मीटर उंचीचं लोखंडाचं धूड, पण पाहुण्यासारखी टोपी काढून गावात शिरणारं. किनुएला तो आवडायचा. लग्नाच्या वयाच्या बाईनं असं म्हणू नये, पण आवडायचा; तो बंदूक शेवटी काढायचा, आधी बोलून बघायचा.

आणि खपत मात्र नव्हता. खेळणं दुकानात पडून होतं, म्हणून कंपनी वैतागली होती, म्हणून पन्नास भागांची मालिका पस्तिसाव्यालाच गुंडाळायची असं वरून आलं होतं. त्यात आता शनिवारी साडेपाचला खेळणं मांडीवर घेऊन बसलेली पोरं बघणार, की टीव्हीतला बारांझा डावा आणि आपला उजवा. मग पोरांची पत्रं येणार, कंपनीचा फोन येणार, आणि तो फोन कुवाहाता-सानना घ्यावा लागणार. राहिलेल्या चार भागांतलाही एखादा कापला तर?

मला कळलं कसं नाही? — पण तिला माहीत होतं कसं ते. सांगायचीच सोय नव्हती. पहिले दोन दिवस चित्र हलतच नव्हतं. हात लाकडासारखा. मग तिनं लाकडी पट्टी पट्ट्यात खोवली आणि मागच्या मोरीपाशी जाऊन ती उपसायला लागली, एकदा, दहादा, तीसदा, आणि गाड्यांमधून चित्रं इकडून तिकडे पोचवणारा तोमिझावा, चाळिशीचा, आधी तोफू विकायचा, तो हात धुवायला आला आणि दोन्ही हात वर करून भिंतीला टेकला. "घे बाई, पाकीट घे, पण पोरंबाळं आहेत, सोड!" किनुए लाजून लाल झाली, तरी पट्टी उपसत राहिली. परत येऊन टेबलाशी बसली तेव्हा हात आपोआप चालला. अडतीस चित्रं, एका दिवसात, जवळजवळ न खोडता. तिला वाटलं, आली, आता कला आली आपल्याला. कला कसली डोंबलाची... पट्टी डाव्या कमरेला होती.

वरून शेवटचा हात फिरवणारे गृहस्थ त्या आठवड्यात अक्कलदाढेनं बेजार होते. त्यांनी चेहऱ्यांचे शॉट तेवढे पाहिले. कमरेला चेहरा नसतो. रंगवणाऱ्या बायका आकड्याप्रमाणे रंग भरतात, उजवं-डावं त्यांच्या कामात येत नाही. तर अशा रीतीनं तो हात कुणालाही न भेटता थेट कॅमेऱ्याखाली जाऊन आला होता, आणि आज तीन वाजता वरच्या खोलीत कच्ची फिल्म दाखवणार होते.

ती उठली आणि जिना चढून इसोबे-सानकडे गेली. इसोबे-सान रंगाच्या खोलीच्या मुख्य. पन्नाशीच्या, हातात पांढरे सुती मोजे, तोंड मात्र मोकळं. कुठलाही शॉट नव्यानं करायचा म्हणजे पहिली कुऱ्हाड त्यांच्या बायकांवर. किनुएनं दाराशीच वाकून नमस्कार केला आणि जे होतं ते सांगितलं, एका श्वासात, खाली बघून.

"डावा?" इसोबे-सान म्हणाल्या.

"हो."

"अडतीसच्या अडतीस?"

"हो. सगळं माझंच... मी रात्रभर बसून नव्यानं काढते, पण रंगाला तुम्हाला—"

"थांब गं. रडतेस काय?" त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला. "त्या शॉटमध्ये पाटी आहे का कुठे? दुकानाचं नाव, अक्षरं?"

"नाही."

"मग फिल्म उलटी छापायची! डाव्याचं उजवं होतं, सावली इकडची तिकडे जाते, कोण मेलं बघतंय? रंगाचा थेंब लागायचा नाही. तीन वाजता एवढंच म्हण, 'हा उलटा छापा.' संपलं." आणि मग मोजा काढता काढता हसून, "मला वाटलं पोट राहिलं की काय, अशी आलीस ती!"

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या, किनुएही हसली. जिना उतरताना तिला हलकं वाटायला हवं होतं. तिनं पायरीवर थांबून पाहिलं, वाटतंय का. नव्हतं वाटत. एवढं सोपं, एक शब्द, कुणाला त्रास नाही, कुणाचं रागावणं नाही — आणि तिला राग आला होता. कुणावरचा ते तिला कळेना. यंत्रात घातलं की डाव्याचं उजवं. केवढी सोय. आमच्या घरी यंत्र नव्हतं, आमच्या घरी पंचा होता.

निळा पंचा, पांढऱ्या लाटांचा. जेवायला बसलं की आई तो तिच्या डाव्या मनगटाला गुंडाळायची आणि दुसरं टोक कमरेच्या दोरीला. घट्ट नाही बांधायची. बांधून झालं की गाठीत बोट घालून बघायची, रक्त अडत नाही ना, दोनदा बघायची. मग समोर बसायची आणि किनुएच्या उजव्या हातातल्या काड्यांमधून भात सांडत राहायचा, आणि आई एकेक शीत वेचून स्वतःच्या तोंडात टाकायची, आणि आपलं जेवण किनुएचं झाल्याशिवाय सुरू करायची नाही. "डावरी पोरगी कोण करून घेणार गं? सासरी पहिल्या जेवणाला सगळे हाताकडेच बघतात." मारलं कधी नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मग रागावता आलं असतं. दीड वर्षात किनुए उजव्या हातानं जेवायला लागली, लिहायलाही लागली. चित्र तेवढं डाव्या हातात राहिलं, कारण चित्र ती कोठीत बसून काढायची आणि तिथे कुणी बघत नव्हतं.

ह्या कचेरीत पहिल्या दिवशी तिला मधलं टेबल मिळालं होतं. दुपारपर्यंत तिचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला सतरा वेळा लागलं. ती उजव्या हातानं काढून बघत होती, वेड्यावाकड्या रेघा, कान गरम झालेले — तेवढ्यात कुवाहाता-सान आले, त्यांनी तिचं टेबल दिव्यासकट उचललं आणि भिंतीपाशी, सगळ्यांत डावीकडे नेऊन ठेवलं. "इथे उजेड बरा आहे," म्हणाले. उजेड काही बरा नव्हता. तीन वर्षांत त्या विषयावर दोघं एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या टेबलासाठी किनुए त्यांच्याकडे जन्मभर कमी पगारात राहायला तयार होती.

बारा वाजता फोन आला. तोमिझावा ओरडला, "आरिमुरा! यामागाताहून, आईसाहेब!" — आई रविवारीच फोन करते, मंगळवारी काय, म्हणून किनुए धावत गेली.

"किनू? काही झालं नाही गं, घाबरू नकोस. सोसायटीच्या दुकानात आले होते, म्हटलं विचारून घ्यावं. मासळीवाला विचारत होता. शनिवारी साडेपाचच ना?"

"साडेपाचच. तू मासळीवाल्याला पण सांगितलंस?"

"त्याला सांगायला काय झालं? सगळ्यांनाच सांगितलंय. तुझं नाव आधी येतं की शेवटी?"

"शेवटी. गाणं चालू असताना."

"ती अक्षरं फार पळतात बाई. मी चष्मा पुसून आधीच बसणार. आणि त्यात तुझं कुठलं ते सांग, म्हणजे तेवढ्या वेळ सगळ्यांना गप्प करीन."

"कंबर," किनुए म्हणाली.

"काय?"

"बारांझाची कंबर. मागून. आणि... हात."

"टोकियोला जाऊन कंबर काढलीस होय?" आई म्हणाली, आणि हसायला लागली, आणि किनुएलाही हसू आवरेना, आईचं हसणं तिला फार आवडायचं, ते खोकल्यानं संपायचं. "बरं. कंबर तर कंबर. आमची कंबर, म्हणून सांगीन. नाणी संपली बघ माझी. उजव्या हातानंच जेवतेस ना?"

"हो आई."

"शहाणी माझी," — आणि फोन तुटला.

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरं ओळखतील, कंपनी ओळखेल, एवढंच ती धरून बसली होती. ओळखणार तर आई. आईला उजवं म्यान माहीत नसेल, यंत्रमानव कशाशी खातात माहीत नसेल, पण तो हात दिसला की आईला एका क्षणात कळेल कुणाचा आहे. मासळीवाला बसलेला, शेजारच्या बायका बसलेल्या, आईनं सगळ्यांना गप्प केलेलं, आणि मग पडद्यावर अठरा मीटर उंचीचा तो डावा हात... म्हणजे मी तिला भर पंचायतीत विचारल्यासारखंच की, बांधला होतास ना? बघ. — छे. असं मला नव्हतं म्हणायचं. असं मला कधीच म्हणायचं नव्हतं. किनुएनं डबा उघडला आणि उजव्या हातानं भाताचा गोळा खाल्ला आणि ठरवलं: उलटा छापायचा. आईसाठी. शिवाय कंपनी, शिवाय कुवाहाता-सान. सगळी कारणं एका बाजूला होती. ठरवल्यावर तिला बरं वाटलं, जवळजवळ तीन वाजेपर्यंत वाटत राहिलं.

वरची खोली लहान, खिडक्यांना काळं कापड, घडीच्या खुर्च्या. कच्ची फिल्म मुकी असते. यंत्राची टरटर आणि मधूनमधून तोमिझावाचं नाक ओढणं. इथला एक रिवाज आहे, कुवाहाता-सानांनी घातलेला: ज्याचा शॉट, त्याचं तोंड आधी. दिवा लागला की ज्यानं काढलं त्यानं स्वतः बोलायचं, 'चालेल' किंवा 'पुन्हा', आणि त्याच्याआधी खुद्द दिग्दर्शकही बोलणार नाही. नवीन माणसाला ही शिक्षा वाटते. जुने म्हणतात, हाच पगार.

किनुए मागच्या रांगेत इसोबे-सानच्या शेजारी बसली. 'हा उलटा छापा' हे वाक्य तिनं तोंडात तयार ठेवलं होतं. शॉट जात होते — गाव, धूळ, पळणारी कोंबडी, खिडकी मिटून घेणारी म्हातारी, दोन लोखंडी बूट येऊन थांबतात...

आणि कंबर.

कागदावर अडतीस वेगवेगळी चित्रं होती. तिनं ती फडफडवून पाहिली होती, नाही असं नाही, पण ती पेन्सिलीची, करडी, बोटांमध्ये धरलेली. ही भिंतभर होती आणि जिवंत होती. रस्त्याच्या टोकाला तो मुंगीएवढा शत्रू, आणि अलीकडे हात, लोंबता, उन्हात. हात पिस्तुलाकडे जात नाही. आधी उघडतो. करंगळी पहिली, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, एकेक करून, सावकाश, जशी बोटं आहेत ना सगळी म्हणून कुणी मोजून घ्यावं — आणि मग तितक्याच सावकाश मिटतो. आणि मग उपसतो.

हे मी केलं नव्हतं. मोरीपाशी पट्टी उपसताना मी बोटं उघडली नव्हती, मी नुसती उपसत होते. हे टेबलाशी आलं, हातातून आलं, पण ही बोटं... ही मी कुठे पाहिलीयत? पडद्यावर दुसराच शॉट सुरू झाला होता, धूर, पडणारी टोपी, आणि किनुए अजून त्या बोटांपाशी होती. उंबऱ्यावर. पर्सिमनच्या दिवसांत. टोपलीभर फळं सोलायची, सोलून दोरीला बांधून वळचणीला टांगायची, आई उंबऱ्यावर बसलेली, सुरी खाली पायाशी. सुरी उचलायच्या आधी, दरवेळी, आईचा एक हात एप्रनखाली जायचा आणि कापड हलायचं. किनुए लहान, खाली जमिनीवर बसलेली, तिच्या डोळ्यांसमोरच ते एप्रन. एकदा तिनं ते उचलून पाहिलं होतं, मांजराचं पिल्लू असेल म्हणून. आत आईचा हात होता. करंगळी पहिली, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, उघडला आणि मिटला. आईनं एप्रन खाली केलं आणि दुसऱ्या हातानं सुरी उचलली, आणि सोलायला लागली, जाड, ओबडधोबड — सालीबरोबर गर जायचा, आजी रोज बोलायची त्यावरून.

तो हात डावा होता.

यंत्र थांबलं. दिवा लागला आणि सगळ्यांनी डोळे चोळले. इसोबे-साननी कोपरानं तिला हळूच ढोसलं, सांग ना. पुढच्या रांगेतून कुवाहाता-सान वळले. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला होता आणि चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांना दिसलं होतं, एवढं मात्र नक्की.

"आरिमुरा," ते म्हणाले. "तुझा शॉट."

उलटा छापला तर तो हातही उलटा होणार, उंबऱ्यावरचा, एप्रनखालचा. शनिवारी साडेपाचला आई चष्मा पुसून बसणार, सगळ्यांना गप्प करणार, आणि बघणार... किनुएला वाटलं होतं की आई मला ओळखेल. दुपारभर तेवढ्याचीच भीती वाटत होती. तोमिझावानं नाक ओढलं. कुणी घाई केली नाही. रिवाजच तसा, जितका वेळ लागेल तितका. किनुए उभी राहिली. तोंडात तयार ठेवलेलं वाक्य तिनं शोधलं, पण तिथे दुसरंच होतं, इथल्या कुणाला विचारून उपयोग नसलेलं, चोवीस वर्षांत एकदाही न सुचलेलं: आई, तुझा कुणी बांधला होता गं?